मागची फळी

आई गेल्यावर बाबांनी घरातली अर्धवट राहिलेली सगळी कामं हातावेगळी करायला घेतली. स्वयंपाकघरातला अडकणारा खण, न्हाणीघराच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी, आईच्या लिहायच्या टेबलाचं राहून गेलेलं काम, गच्चीची सैल कडी. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. लोकांची घरं वेळेवर उभी करून दिली आणि स्वतःच्या घराला मात्र 'उद्या बघू' म्हणत आला. सुताराच्या घरातलं स्टूल कायम तीन पायांवर, असं आई म्हणायची. आता घरात एकही स्टूल डुगडुगत नव्हतं आणि ते बघायला ती नव्हती.

त्यातच तिचा कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

"तिच्यामागोमाग हाही निघालाय," बाबा फोनवर म्हणाले. बोलणं साधंच, पण फोन ठेवताच त्यांची मुलगी ठकी कामावरून उठली. तिनं ऑफिसात रजा टाकली आणि दुपारच्या गाडीनं माहेर गाठलं.

ठकी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी बाबांनी तिला लाकडाची बाहुली करून दिली होती. बाहुलीचं डोकं आणि मुलीचं डोकं सारखंच गोल, म्हणून बाहुलीचं नाव मुलीला चिकटलं. चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं.

घाई करण्याचं कारण तसंच होतं. आई शब्दकोडी रचायची. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात, तिचं कोडं वर्षानुवर्षं यायचं. ऑपरेशनला जाताना तिनं पुरवणीच्या संपादकांना कळवलं होतं, 'पुढची बरीच तयार आहेत. कॉम्प्युटरात आहेत. घरी आले की पाठवते.' ती घरी आली नाही. संपादकांनी हाताशी होती तेवढी कोडी छापली, आणि मग त्याच सकाळी फार संकोचत ठकीला फोन केला. उद्या संध्याकाळपर्यंत पुढचं कोडं आलं तर उत्तम, नाहीतर त्या कोपऱ्यात दुसरं काही घालावं लागेल. "आणि ताई, तुम्हाला म्हणून सांगतो," ते म्हणाले, "एकदा जागा गेली की गेली."

म्हणजे आई अजून काही रविवार शिल्लक ठेवून गेली होती, आणि ते सगळे त्या काळ्या पेटीत अडकून पडले होते. पेटी चालू व्हायची, जरा वेळ घुरघुरायची आणि न सांगता डोळे मिटायची.

"दुकानात दाखवलंत ना?" ठकीनं आल्या आल्या विचारलं.

"काय?"

"दुकानात." तिनं आवाज चढवला. बाबांचं कानातलं यंत्र कपाटावर, त्याच्या डबीत पडून होतं. आई गेल्यापासून ते त्यांनी लावलंच नव्हतं. 'ऐकायचंय काय आता' एवढंच त्यावर त्यांचं म्हणणं.

"दोनदा नेला. दोन्ही वेळा दिवसभर चालला. घरी आणला की पुन्हा तेच."

"मग तिथेच कोडी काढून घ्यायची होती."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं त्यांना चोरी करायला सांगितलं. "मी बजावून आलो होतो, आत काही उघडायचं नाही. त्या गल्लीत सगळे कोडं सोडवतात. परीक्षेचा पेपर फुटतो तसं फुटलं असतं."

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. घरातला तो नियमच होता. दर रविवारी बाबा छापून आलेलं कोडं पेनानं सोडवायला बसत, पेन्सिल हाती न धरता. आई समोर चहाचा कप घेऊन बसे. ते कितीही अडले तरी ती चकार शब्द काढत नसे. 'असा शब्द असतो तरी का?' असं बाबांनी वैतागून विचारलं की 'असतो' एवढं म्हणे. शाळा लवकर सुटलेल्या या माणसाची निम्मी भाषा त्या चौकोनांतून आलेली होती. म्हणून तर ते तिच्या कॉम्प्युटरच्या आसपासही फिरकत नसत. चुकून एखादं उत्तर दिसलं तर रविवार फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला घरीच आला. लांब हातापायांचा, सतत बोलणारा माणूस. पाठीवर पिशवी, कपाळावर बांधायचा दिवा.

"या डॉक्टर," बाबा म्हणाले. "पेशंट आत आहे."

"काका, हा पेशंट सोंगाडा आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "आमच्याकडे गुणी बाळासारखा राहतो. माहेरी आला की आजारी."

टेबल बाबांनीच केलेलं होतं, आईसाठी, फार मनापासून. आईला लिहिताना पंख्याची घरघर सहन होत नसे, म्हणून सीपीयूची पेटी ठेवायला पायाशी दाराचं बंद कपाट. मॉनिटर वरच्या फळीला पक्का बसवलेला. सगळ्या वायरी आतल्या आत, एका भोकातून खाली. बाहेर एक दोरा दिसायचा नाही. पण त्या सफाईची किंमत अशी की पेटी कपाटात असेल तरच मॉनिटरला जोडता यायची. बाहेर काढली की आंधळी.

दुरुस्तीवाल्यानं कपाटाचं दार उघडलं, पेटी जोडलेली तशीच ठेवून चालू केली आणि दार लावून कान लावला. पंखा घुमू लागला. मॉनिटरवर आईचं नेहमीचं निळं चित्र आलं. बराच वेळ काही झालं नाही. मग आतून आवाज आला, टक. थोड्या वेळानं पुन्हा, टक टक.

दुरुस्तीवाला बोलायचा थांबला.

"ताई, हा आवाज मला आवडला नाही."

"का?"

"दुकानात नव्हता. हार्ड डिस्क जायला लागली की अशी टकटकते. म्हणजे आतली सुई चाचपडत असते." त्यानं दार उघडून हात आत घातला, पण तेवढ्यात पंख्याचा आवाज घसरला आणि पडदा काळा झाला. "बघा. गेला."

"डिस्कमध्येच सगळं असतं का?"

"सगळं डिस्कमध्येच असतं."

बाबा दारात उभे होते. त्यांना शब्द ऐकू आले नव्हते, पण दोघांचे चेहरे दिसत होते. "बोला की," ते म्हणाले, "मी काय पाहुणा आहे?"

"बघतोय काका," दुरुस्तीवाला मोठ्यानं म्हणाला आणि ठकीकडे वळून हळू आवाजात सांगू लागला. नुसती डिस्क असती तर पेटी अशी धाडकन बंद झाली नसती. वीज नीट पोचत नसेल तर डिस्कही चाचपडते आणि पेटीही बंद होते. म्हणजे दोन्ही रोगांचं मूळ एक असू शकेल, पॉवर सप्लाय. तोच असावा अशी त्यानं आशा व्यक्त केली. ठकीनंही त्या आशेला घट्ट धरलं.

पेटी बाहेर जमिनीवर आली. झाकण निघालं. आत धूळ होती, पण फार नाही. आई दर महिन्याला ब्रशनं झाडायची. दुरुस्तीवाल्यानं रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या, पंखा बोटानं फिरवून पाहिला, मग जुना पॉवर सप्लाय काढून पिशवीतला दुसरा बसवला. पेटी जमिनीवरच चालू केली. पडदा नव्हता, पण पंखा फिरत राहिला, दिवा जळत राहिला. चहा झाला, बिस्किटं झाली. दुरुस्तीवाल्यानं आपल्या सासऱ्यांच्या प्रिंटरची लांबलचक गोष्ट सांगितली. पेटी आपली चालूच.

"टकटकही नाही," ठकी म्हणाली.

"म्हणून तर. झालं काम," दुरुस्तीवाला म्हणाला.

पेटी परत कपाटात गेली. वायरी जोडल्या, दार लावलं, निळं चित्र आलं. बाबा लगेच पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. ठकीनं पेन ड्राइव्ह लावला आणि आईचं फोल्डर शोधलं. 'रविवार' असंच त्याचं नाव होतं. कॉपीचा आदेश दिला. हिरवी पट्टी सरकू लागली. फोल्डरमध्ये काय काय भरलेलं होतं कोण जाणे, पट्टी मुंगीच्या पावलानं चालली होती. पाव भरली. निम्मी होत आली.

टक.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. टक टक. पट्टी जागीच थबकली आणि पडदा काळा झाला.

"झालं का?" खिडकीशी उभे राहून बाबांनी विचारलं.

आई गेली त्या दिवशीही ठकीनं सगळं नीट केलं होतं. फोन केले, सह्या केल्या, बाबांना जेवायला लावलं. आणि आज एका हिरव्या पट्टीपुढे ती अडून बसली होती.

"आता चालू करायचा नाही," दुरुस्तीवाल्यानं भिंतीतून प्लगच उपटला. "ताई, खरं सांगतो. माझी अटकळ चुकली. डिस्क जात असेल तर प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे आजाऱ्याला धावायला लावणं. ही डिस्क काढून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची. ते लोक काढतात बऱ्याचदा."

"किती दिवसांत?"

"दिवस नाही, आठवडे." त्यानं मान खाली घातली आणि पिशवीत छोटा स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागला.

ठकी जमिनीवरच बसली, कपाटाला टेकून. संपादकांना काय सांगायचं, त्याहून बाबांना काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवायला लागली. आणि तिच्या पाठीमागे, अगदी कानाशी, आवाज झाला.

टक.

ती तशीच बसून राहिली. पुन्हा, टक.

"बंद असताना डिस्क वाजते का?" तिनं विचारलं.

"छे. वीजच नाही तर वाजेल कशी?"

"मग हे काय वाजतंय?"

दुरुस्तीवाल्यानं हातातल्या प्लगकडे पाहिलं. मग कपाटाकडे. त्याच्यादेखत कपाट पुन्हा एकदा टकटकलं. "आयला," तो म्हणाला.

"काय झालंय ते सांगणार आहात की मी मेल्यावर?" बाबा आता चिडले होते. ठकी उठली, बाहेरच्या कपाटावरची डबी आणली आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कुरकुरत ते कानात बसवलं, टेबलापाशी गुडघे टेकले आणि डोळे मिटून ऐकू लागले. गिऱ्हाइकाच्या घरी जुनं कपाट तपासताना ते असेच डोळे मिटत.

टक.

"ही फळी आहे," बाबा म्हणाले.

"काय?"

"फळी. खाचेत बसवलेली फळी तापली की फुगते, निवली की आखडते. सरकताना बोलते. तुम्ही यंत्राचं काहीतरी म्हणाल, मला नाही कळत. पण हे लाकूड बोलतंय." त्यांनी दार उघडून हात पेटीच्या मागे सरकवला आणि तळवा आतल्या भिंतीला टेकवला. तो तसाच बराच वेळ ठेवला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा चिडकेपणा गेला आणि तिथे दुसरंच काही आलं. "भट्टी झालीय हिची."

दुरुस्तीवाला पोटावर पालथा पडून कपाळावरचा दिवा आत मारू लागला. "काका, हे मागून बंद आहे."

"आहे ना."

"पूर्ण बंद? मी समजत होतो मागे उघडं असेल. गरम हवा जायची कुठून?"

बाबांनी तळवा फळीवरून काढून घेतला.

"ही फळी कधी बसवलीत?" ठकीनं विचारलं, पण विचारता विचारताच तिला उत्तर कळलं होतं.

"ती गेल्यावर," बाबा म्हणाले. "टेबलाची पाठ तेवढी राहिली होती. इतकी वर्षं उघडी. म्हटलं, धूळ जाते आत, तिचं एवढं एक काम करून टाकावं." ते उकिडवे बसले. "दोनदा पॉलिश केलं मी तिला."

दुरुस्तीवाला धूळ झटकत उठला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता, पण बाबांकडे पाहून त्यानं तो जरा आवरला. "म्हणजे दुकानात टेबलावर उघडा, म्हणून चालला. इथे जमिनीवर उघडा, म्हणून चालला. खोक्यात घातला की बिचाऱ्याचा जीव गुदमरायचा. आणि मी शहाणा दर वेळी तपासायला त्याला बाहेर काढत होतो."

"मीच गळा दाबला त्याचा," बाबा म्हणाले.

"दाबलात, पण मेला नाही. काका, हे यंत्र माणसापेक्षा शहाणं असतं. डोकं तापलं की स्वतःच बंद होऊन बसतं, काही जळायच्या आत. माझ्या सासऱ्यांना हे जमत नाही."

"मग डिस्क?" ठकीनं विचारलं.

"डिस्कनं हूं की चूं केलेलं नाही, ताई. टकटक फळीची. खात्री मी चालवून बघितल्यावर देईन, पण मला वाटतं आई सगळं नीट ठेवून गेल्यात."

बाबा तोवर उठून मागच्या पडवीत गेले होते. पटाशी आणि लाकडी हातोडा घेऊन आले.

"काका, भोकं पाडली तरी भागेल," दुरुस्तीवाला म्हणाला. "पॉलिश सुंदर झालंय, उगाच..."

"बाजूला व्हा."

टेबल भिंतीपासून ओढलं. फळी खाचेत बसवून सरसानं जोडलेली होती, खिळा नाही की स्क्रू नाही. जन्मभर टिकावी अशीच. बाबांनी कडेला पटाशी लावली आणि हातोड्याचे हलके, मोजके ठोके दिले. सरस कुरकुरला. एका कोपऱ्यातून चीर धावली आणि चकचकीत फळी दोन तुकडे होऊन त्यांच्या हातात आली. ठकीला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. पाहुणे गेल्यावर खुर्ची जागेवर ठेवावी तसे त्यांनी तुकडे भिंतीला टेकवून ठेवले आणि हात झटकले.

"मी दर वर्षी म्हणायचो, पाठ लावून टाकतो," ते सांगू लागले. "ती म्हणायची, राहू दे, मागून कोण बघतंय. मला वाटायचं हिला माझ्या कामाची काही किंमतच नाही. एकदा मी दोन दिवस बोललो नव्हतो त्यावरून."

"तिला माहीत असणार," ठकी म्हणाली.

"मग सांगायचं ना सरळ. हवा लागते म्हणायचं."

"सरळ सांगणं तिच्या धंद्यात बसत नव्हतं, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी बाहीनं पुसलं आणि पुसता पुसता आणखी हसले. दुरुस्तीवाला मध्ये न पडता वायरी जोडत राहिला. एवढ्या दिवसांत ठकीनं घरात हसण्याचा आवाज ऐकला नव्हता. तिलाही हसू आलं.

पेटी चालू झाली. यावेळी टेबलाच्या मागून उबदार वारा यायला लागला. बाबांनी त्यात हात धरला आणि धरून ठेवला. दुरुस्तीवाल्यानं आधी डिस्कची तपासणी लावली. ती निर्विघ्न पार पडली. मग ठकीनं कॉपी सुरू केली. पाव पट्टी, निम्मी पट्टी. निम्म्याच्या पुढे गेली तेव्हा दुरुस्तीवाल्यानं नकळत टेबलावर हात ठेवला, सौदा पक्का झाल्यासारखा. पट्टी भरली.

"आलं सगळं," ठकी म्हणाली.

दुरुस्तीवाल्यानं आपला पॉवर सप्लाय काढून जुना परत बसवला. "याच्यावर उगाच आळ घेतला," असं म्हणत पिशवी खांद्याला लावली आणि दारातून पुन्हा मागे वळला. "काका, एक विचारू? मागच्या रविवारचं उभं शेवटचं..."

"नाही," बाबा म्हणाले.

"बरं, बरं."

तो गेल्यावर ठकीनं संपादकांना पाठवायचं कोडं उघडलं. पाठवण्याआधी पाहणं भाग होतं, अर्धवट कॉपीमध्ये काही तुटलं असेल तर कळायला हवं. बाबा पुन्हा खिडकीशी, पाठमोरे. कोडं अखंड होतं. काळे-पांढरे चौकोन, आडवे शब्द, उभे शब्द, आईची आखूड, खोडकर सूत्रं. उत्तरांची फाइल वेगळी होती, तिच्या शेजारीच. ठकी सूत्रं वाचत गेली. काही जमली. काहींवर ती अडकली. एका ठिकाणी ती थांबली. हे सूत्र नक्कीच एखाद्या सुतारी अवजाराचं होतं. आई हे मुद्दाम करायची, कधी कधी, एखादा शब्द फक्त एका माणसासाठी घालायची. मग वाचक पुरवणीला तक्रारीची पत्रं लिहायचे की असला शब्द कोशात सापडत नाही. तो शब्द काय ते ठकीलाही येईना.

तिनं उत्तरांच्या फाइलवर बोट नेलं आणि मागे घेतलं. कोडं पाठवून दिलं. जरा वेळानं संपादकांचा निरोप आला, 'मिळालं. फार बरं वाटलं. पुढची सवडीनं द्या.'

"पोचलं," ती म्हणाली. "पुढची पण आहेत. भरपूर."

बाबांनी वळून पाहिलं नाही. खिडकीबाहेर समोरच्या बाई सायकलला तेल घालत होत्या, तिकडे ते बघत होते.

"अवघड आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. मला तर एक अजिबात येत नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.